खेड्यातील कॅथलिक प्राथमिक शाळा: मुले तिथे नेमके काय शिकतात?

वर्धाकाठ

जानेवारी उजाडला की आमच्या वरोरा भागातील खेड्यांत पुढच्या वर्षीच्या प्रवेशांची चर्चा सुरू होते आणि त्या चर्चेत सिस्टरांच्या शाळेचे नाव हमखास निघते. माझी मुलगी अशाच एका इंग्रजी माध्यमाच्या, विनाअनुदानित कॅथलिक शाळेत दुसरीत शिकते. धाकट्या मुलालाही तिथेच घालावे की गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पाठवावे, याचा निर्णय घरात व्हायचा आहे. सासूबाईंचे मत एक, यांचे मत दुसरे आणि माझे रोज बदलते. शाळेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही आणि प्रतिसाद देणाऱ्यांनीही कोणत्याही शाळेचे नाव घेऊ नये, ही विनंती. मला तिची जाहिरात करायची नाही आणि बदनामीही करायची नाही.

आधी तिथला दिवस कसा जातो ते सांगते, कारण बाहेरून पाहणाऱ्यांना गणवेश आणि दारात येणारी गाडी एवढेच दिसते. फाटकातून आत गेल्यावर मारियामातेची मूर्ती आहे. तिच्यापुढे थांबायचे की सरळ पुढे जायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. परिपाठात प्रार्थना, राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा आणि संविधानाची उद्देशिका होते, त्यानंतर एखादे मूल सुविचार सांगते आणि दुसरे बातम्या वाचते. मधल्या सुट्टीत एक सिस्टर डबे खाणाऱ्या मुलांमधून फिरत असतात. कोणी डबा आणला नाही आणि कोण सलग काही दिवस नुसती कोरडी पोळी घेऊन येतो, हे त्यांच्या लक्षात असते आणि पुढच्या पालकसभेत त्या ते आईला बाजूला घेऊन विचारतात, चारचौघांत विचारत नाहीत. डबे झाले की वर्ग झाडण्याची पाळी असते आणि त्या पाळीतून सरपंचाचा नातूही सुटत नाही. आठवड्यातून काही तास ख्रिस्ती मुले धर्मशिक्षणाला जातात, तेव्हा बाकीच्या मुलांना मूल्यशिक्षणाचा तास असतो. मार्चपासून शाळा सकाळची होते आणि उन्हाळ्यानंतर जूनच्या अखेरीस उघडते, तेव्हा आमच्याकडे पेरणीची धांदल असते.

या सगळ्याबद्दल माझी तक्रार नाही. मुलगी धीट झाली आहे आणि पाहुण्यांसमोर उभी राहून बोलते. माझी काळजी वेगळी आहे. इंग्रजीचा धडा ती घडाघडा वाचते. धड्याखालचे प्रश्न क्रमाने विचारले की उत्तरेही बिनचूक येतात. परवा मी चौथा प्रश्न आधी विचारला आणि ती थांबली. मनातल्या मनात पहिल्या प्रश्नापासून पुटपुटत ती चौथ्यापर्यंत आली आणि मग उत्तर दिले. मराठीचे पुस्तक समोर ठेवले तर जोडाक्षरांशी अडखळते. आता ही मुलगी हुशार म्हणायची की तिचे केवळ पाठांतर चांगले आहे, हे मला ठरवता येत नाही, आणि घरात इंग्रजी समजणारे दुसरे कोणी नाही. ज्यांची मुले अशा शाळांत शिकली किंवा जे स्वतः तिथे शिकले, शिकवतात, त्यांनी आपला अनुभव लिहावा.

झाडीपट्टी

ताई, मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका अनुदानित, मराठी माध्यमाच्या मिशन शाळेत पहिलीपासून शिकलो आणि तिथल्याच वसतिगृहात राहिलो. तुमच्या मुलीची शाळा आणि माझी शाळा दोन्ही कॅथलिक असल्या तरी त्यांच्यात बराच फरक आहे, तो आधी सांगतो.

आमच्या भागातल्या सिस्टर आणि फादर बहुतेक केरळचे का, असा प्रश्न अनेकांना पडतो. नागपूरचा धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपांच्या अखत्यारीतला प्रदेश, १८८७चा, लॅटिन परंपरेचा. पुढे १९६२ साली चांदा भागासाठी सीरो-मलबार परंपरेचे स्वतंत्र धर्मक्षेत्र स्थापन झाले आणि १९७७ साली त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. त्याचे मुख्य ठिकाण बल्लारपूर आहे. ही परंपरा मुळात केरळची, त्यामुळे चंद्रपूर, गडचिरोली आणि वर्धा जिल्ह्यांत तिकडून धर्मभगिनी येत राहिल्या. गावात येऊन त्यांना आधी मराठी शिकावी लागे. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची घरची भाषा माडिया होती, तेव्हा पहिलीला शिकवणाऱ्या सिस्टरांनी पाणी, भूक, ताप, शेंबूड, घर अशा रोजच्या गरजेच्या गोष्टी माडियात विचारायला शिकून घेतल्या होत्या. त्यांचे उच्चार ऐकून आम्ही हसायचो आणि त्याही हसायच्या. शिकवणारी व्यक्ती स्वतः आमच्यासमोर एक भाषा चुकतमाकत शिकत असल्यामुळे वर्गात चुकण्याची लाज फारशी उरली नव्हती. त्या शाळेने मला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच, असे माझे मत आहे. इमारत आणि शिस्त त्यानंतर येतात.

गणित चिंचोक्यांवर चाले. प्रत्येकाकडे चिंचोक्यांची कापडी पिशवी असे आणि दहाचा गठ्ठा करायचा म्हणजे दहा चिंचोके एका पळसाच्या पानात बांधायचे. संध्याकाळी वसतिगृहात अभ्यासाचा तास, त्यानंतर प्रार्थना, मग जेवण. मागच्या बाजूला भाजीचा वाफा होता आणि वांग्याला पाणी घालण्याची पाळी चुकवली तर दुसऱ्या दिवशी कोणी ओरडत नसे, पण पाळी दुप्पट होई. पावसाळ्यात नाले भरले की आईवडील येऊ शकत नसत. मग बाजाराच्या दिवशी कोणीतरी गावकरी येऊन निरोप सांगून जाई. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोह पडू लागला की मात्र वर्ग ओस पडत. मुले पहाटे घरच्यांबरोबर मोहफुले वेचायला गेलेली असत. एका वर्षी मुख्याध्यापिका सिस्टरांनी त्या दिवसांत चाचणी ठेवायचीच नाही असे ठरवले आणि पालकांना ते पटले. शाळेने गावाचे वेळापत्रक मानल्याचा हा मला आठवणारा पहिला प्रसंग आहे.

अकोलेकर_भाऊ

दोन्ही लेखन आवडले, पण चित्र फार गुलाबी होत चालले आहे म्हणून लिहितो. झाडीपट्टी यांनी वर्णिलेली शाळा अनुदानित होती. तिथे शिक्षकांचा पगार सरकारकडून येत असे आणि मुलांना शालेय पोषण आहारही मिळत असे. आज खेड्यापाड्यांत ज्या नव्या शाळा निघाल्या आहेत, त्यांपैकी बहुतेक इंग्रजी माध्यमाच्या आणि शुल्कावर चालणाऱ्या आहेत. शुल्काचा पहिला हप्ता, पुस्तके, दोन गणवेश आणि गाडीचे भाडे हे सगळे नेमके जूनअखेर मागितले जाते, जेव्हा शेतकऱ्याने बियाणे आणि खत उधारीवर उचललेले असते. आमच्याकडे पैसा हातात येतो तो सोयाबीन निघाल्यावर आणि खऱ्या अर्थाने कापूस विकल्यावर. हे गावातल्या किराणा दुकानदाराला कळते, पण शाळेच्या कार्यालयाला कळत नाही.

दुसरे म्हणजे, माझ्या शेतात काम करणाऱ्या एका कुटुंबाने आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के जागांसाठी अर्ज भरला, तर यादीत जवळची मिशन शाळा नव्हतीच. गरिबांची सेवा करण्याची भाषा करायची आणि गरिबांच्या जागाच द्यायच्या नाहीत, याला काय म्हणावे? तिसरा मुद्दा प्रार्थनेचा. माझा पुतण्या अशाच एका शाळेत आहे आणि जेवणापूर्वी क्रॉसची खूण करतो. वहिनींना त्यात काही वाटत नाही, भावाला वाटते. या बाबतीत नियम काय आहे?

निवृत्त_केंद्रप्रमुख

अकोलेकर भाऊंनी उपस्थित केलेले प्रश्न मी सेवेत असताना पालकसभांमध्ये वारंवार ऐकले आहेत, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

शिक्षण हक्क कायदा २००९चा असून तो १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. त्याच्या कलम १२(१)(क) मध्ये खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना द्याव्यात, अशी तरतूद आहे. मात्र संविधानाच्या अनुच्छेद ३०(१) नुसार अल्पसंख्याकांना स्वतःच्या शैक्षणिक संस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे, आणि त्या आधारावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०१४ मध्ये प्रमती प्रकरणात असा निकाल दिला की हा कायदा अल्पसंख्याक शाळांना, मग त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, लागू होत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायाधीशांच्या पीठाने या निकालाबद्दल शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा म्हणून सरन्यायाधीशांकडे पाठवला, पण तेवढ्याने जुना निकाल रद्द होत नाही. तेव्हा यादीत ती शाळा नसणे ही त्या शाळेची लबाडी नव्हे. कायद्याने सक्ती नसली तरी स्वतःहून गरीब मुलांचे शुल्क माफ करण्यापासून मात्र कोणी रोखलेले नाही, आणि हे मी एका मुख्याध्यापिकांना तोंडावर म्हटलेही होते. त्यांनी कपाटातून एक वही काढून दाखवली. ज्यांचे शुल्क संस्था भरते अशा मुलांची ती यादी होती आणि त्यांची नावे वर्गशिक्षिकांनाही माहीत नव्हती. सगळ्याच ठिकाणी अशी वही असते, असा माझा दावा नाही.

प्रार्थनेबाबत अनुच्छेद २८(३) स्पष्ट आहे: शासनमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या स्वतःच्या, आणि मूल अल्पवयीन असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेच्या शिक्षण विभागानेही २०२४ साली आपल्या शाळांना दिलेल्या सूचनांमध्ये इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत आणि परिपाठात उद्देशिका वाचली जावी, असे म्हटले आहे. आपल्या भावाला अडचण वाटत असेल तर त्यांनी एक साधे पत्र द्यावे. भांडायला जाण्याची गरज नाही.

शुल्काबाबत २०११च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत पालक-शिक्षक संघ स्थापन करावा लागतो आणि त्याच्या कार्यकारी समितीवरील पालक सोडत काढून निवडले जातात. व्यवस्थापनाचा शुल्काचा प्रस्ताव या समितीपुढे यावा लागतो. हप्ते कोणत्या महिन्यांत असावेत, हा विषय तिथे मांडता येतो, आणि शेतकरी पालक नेमके त्याच सभेला जात नाहीत कारण तेव्हा शेतात निंदण सुरू असते.

आता ताईंच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. लहान मुलांचे वाचन आणि गणित पक्के व्हावे यासाठीचे केंद्र सरकारचे निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झाले. त्यात तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, असे लक्ष्य ठेवले आहे. त्यातला ‘समजून’ हा भाग सर्वांत कठीण, आणि तपासणीला गेलेला अधिकारी बहुधा वेगच मोजून येतो. आपण घरच्या घरी असे पाहावे: मुलीने कधीही न पाहिलेला सोपा मराठी उतारा तिला वाचायला द्यावा, पुस्तक मिटावे आणि काय वाचले ते तिच्याच बोलीत सांगायला लावावे. ते तिला जमले तर तिचे वाचन पक्के होत आहे आणि इंग्रजी मागाहून येईल. ते जमले नाही तर धडा कितीही घडाघडा वाचला तरी शाळेशी बोलायला हवे. २०२०च्या कायद्याने मराठी हा विषय राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत सक्तीचा केला आहे, त्यामुळे मराठीकडे लक्ष द्या, असे म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा हेच माध्यम असावे, असे म्हटले आहे.

तिसरी_अ

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका कॅथलिक शाळेत तिसरीला शिकवते. मी स्वतः ख्रिस्ती नाही, आणि आमच्या शिक्षकवर्गातील बहुतेक जणी नाहीत. वर्धाकाठ ताईंच्या मुलीचे जे झाले, ते माझ्या वर्गात दरवर्षी दहाबारा मुलांचे होते, म्हणून वर्गाच्या आतली बाजू सांगते.

माझ्या वर्गात चाळीसच्या घरात मुले आहेत. घरी वऱ्हाडी बोलणारी सर्वांत जास्त, पण काही घरांत बंजारा बोली आहे, काहींत कोलामी, आणि बसस्टँडजवळच्या दुकानदारांची मुले हिंदी बोलतात. त्यात शाळेचा नियम इंग्रजीत बोलण्याचा. मुले नियम पाळतात, म्हणजे गप्प बसतात. “मे आय ड्रिंक वॉटर” हे वाक्य सगळ्यांना येते, पण पोट का दुखते ते सांगायचे असेल तर मूल माझ्याजवळ येऊन कानात “मॅडम, सकाळपासून लयच दुखून राह्यलं” असे म्हणते. हे वाक्य मी थांबवत नाही. पूर्वीच्या मुख्याध्यापिका सिस्टरांना ते पटत नसे, कारण पालक प्रवेशाच्या वेळी पहिला प्रश्न “मूल इंग्रजी बोलेल ना?” हाच विचारतात आणि शाळा त्या अपेक्षेला बांधली जाते. दोष एकट्या शाळेचा नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

नंतर आलेल्या सिस्टर तीन-चार महिने वर्गांच्या मागच्या बाकावर बसून नुसत्या पाहत होत्या. त्यानंतर त्यांनी आम्हाला एक मोकळीक दिली: गोष्टीचा धडा असेल तर ती गोष्ट आधी मुलांच्या बोलीत सांगायची, त्यावर त्यांना बोलू द्यायचे आणि मग इंग्रजी पुस्तक उघडायचे. एवढ्याने पाठांतर संपले असे नाही, पण प्रश्नांचा क्रम बदलला तरी उत्तर देणारी मुले वाढली.

गणिताचा एक प्रसंग मुद्दाम लिहिते. दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू झाली की वर्गातली पाच-सहा मुले अधूनमधून येत नाहीत. काही जण धाकट्या भावंडाला धुऱ्यावर सांभाळतात, काही स्वतः वेचतात. अशाच एका मुलाला मी फळ्यावर २५ गुणिले ८ करायला बोलावले. त्याने उभी मांडणी केली, आठ पंचे चाळीसचा शून्य मांडला, हातचे चार घ्यायचे विसरला आणि उत्तर १६० लिहिले. मी फळा पुसला आणि त्याला विचारले, “तुझ्या मायने पंचवीस किलो कापूस वेचला आन् आठ रुपये किलोनं मजुरी भेटली, तर किती होतीन?” त्याने वर न पाहता सांगितले, “दोनशे.” कसे केले, असे विचारल्यावर म्हणाला, “चार किलोनं शंभर होते पंचवीसचे, मंग दोन डाव.” त्याने रुपये आणि किलो यांची अदलाबदल केली होती, पण २५ची चार वेळा बेरीज म्हणजे १०० आणि तसे दोनदा घेतले की २००, हे त्याला पक्के ठाऊक होते, कारण वजनकाट्यापाशी त्याच्यासमोर रोज संध्याकाळी हेच हिशेब होत होते. मी त्याची रीत फळ्यावर लिहिली, मग शेजारी हातच्याची रीत लिहिली आणि दोन्हींचे उत्तर एक का येते यावर तो सगळा तास गेला. त्या दिवशी पाठ्यक्रम पुढे सरकला नाही. पुढच्या आठवड्यात सिस्टरांनी स्वयंपाकघरातला तराजू वर्गात आणून ठेवला आणि मुलांनी घरून मूठ-मूठ कापूस आणून तो ग्रॅममध्ये मोजला. सरकीसकट आणि सरकी काढून वजन किती बदलते, हे पाहण्याची कल्पना मुलांचीच होती.

आणखी एक अडचण आहे, ती पालकांना सहसा दिसत नाही. सिस्टरांची काही वर्षांनी बदली होते. एक येऊन बाग फुलवते, दुसरी येऊन संगणकाची खोली करते, तिसरीला शिस्त महत्त्वाची वाटते. गावातल्या आम्ही शिक्षिका तिथेच असतो, पण आमचे पगार मोजकेच असल्याने चांगली संधी मिळताच तरुण मुली शाळा सोडतात. तुमच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवणारी शिक्षिका किती वर्षे टिकून आहे, हे जरूर विचारा. मुलाच्या वाचनाबद्दल इमारतीपेक्षा त्यावरून जास्त कळते.

बल्लारपूर_लाइन

आमचे कुटुंब कॅथलिक आहे आणि माझी दोन्ही मुले जवळच्या मिशन शाळेत शिकली, म्हणून थोडे आमच्या बाजूने. मोठ्या मुलाच्या वर्गात ख्रिस्ती मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. बाकी हिंदू, बौद्ध, थोडी मुस्लिम. त्यामुळे शाळेत धर्मशिक्षणाचा तास असला तरी खरी तयारी रविवारी चर्चमध्ये होते. प्रथम कम्युनियन या आमच्या मुलांच्या संस्काराची शिकवणीही तिथेच झाली. उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत मुले खाऊचे पैसे वाचवून एका पेटीत टाकतात आणि तो पैसा गरजूंसाठी वापरला जातो. त्यात सगळ्या धर्मांची मुले भाग घेतात, पण कोणी टाकले नाही तर विचारले जात नाही.

अकोलेकर भाऊंच्या पुतण्याबद्दल एवढेच म्हणेन की मुले एकमेकांचे पाहून करतात. माझी मुलगी सहा वर्षांची असताना शेजारच्या विहारातून आल्यावर आठवडाभर झोपण्यापूर्वी “बुद्धं सरणं गच्छामि” म्हणत होती. आम्ही तिला अडवले नाही. आमच्या शाळेत संविधान दिनाला उद्देशिका वाचायला आणि तिचा अर्थ सांगायला एका विद्यार्थ्याच्या आजोबांना बोलावले होते. ते आयुष्यभर बौद्ध समाजाच्या कार्यक्रमांत बोलत आले होते, आणि त्या दिवशी ते मुलांना इतके समजेल असे बोलले की फादरांनी दुसऱ्या वर्षीही त्यांनाच बोलावले.

नाताळचा गोठा मात्र पाहण्यासारखा असतो. छप्पर पऱ्हाट्यांचे, खाली तणस, आणि बाळ येशूभोवती ठेवायला बैल हवा म्हणून मुले तान्ह्या पोळ्याला मिरवलेले आपापले लाकडी नंदी घेऊन येतात. एका वर्षी गोठ्यात एवढे बैल झाले की मेंढ्या, उंट आणि पूर्वेकडचे तीन ज्ञानी बाहेर पायरीवर उभे करावे लागले. सिस्टरांनी एकही बैल परत पाठवला नाही. कोणाचा नंदी पुढे आणि कोणाचा मागे, यावरून दोन मुलांत जी मारामारी झाली, तिचा निकाल लावायला त्यांना अर्धा तास लागला.

२६ जुलै हा संत अॅना आणि संत योआकिम यांचा, म्हणजे येशूच्या आजी-आजोबांचा सण. त्या सुमारास शाळेत आजी-आजोबांना बोलावतात. आईवडील शेतात गुंतलेले असतात, पण आजी येऊ शकते. मागे एका आजींनी भुलाबाईची गाणी म्हटली आणि खिरापत ओळखण्याचा खेळ वर्गात घेतला. झाकलेल्या डब्यात काय आहे ते ओळखताना मुलांनी पदार्थांची इतकी नावे घेतली की शिक्षिकेने ती सगळी फळ्यावर लिहून त्याचाच मराठीचा धडा केला.

अकोलेकर_भाऊ

केंद्रप्रमुख सर, आरटीईबद्दलचा खुलासा पटला. त्या कुटुंबाला तसे सांगतो. प्रार्थनेबाबत भावाला पत्राचे सुचवले, तर तो म्हणाला की पत्र देण्याएवढे काही मोठे नाही. मग इतके दिवस घरात वाद कशासाठी चालला होता, हे देव जाणे.

माझा मूळ आक्षेप मात्र कायम आहे. बैल, भुलाबाई, तराजू हे सगळे चांगले आहे, पण ते त्या त्या सिस्टरांच्या आणि शिक्षिकांच्या मर्जीवर अवलंबून आहे. आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत दोन शिक्षक आहेत, त्यांपैकी एक उत्तम शिकवतात, तिथे शुल्क नाही, पोषण आहार मिळतो आणि मुलाला आपल्या भाषेत वाचता येते. मग तीन वर्षांच्या मुलाला इतक्या दूर गाडीत बसवून का पाठवायचे?

तिसरी_अ

भाऊ, तुमच्या गावात असे शिक्षक असतील तर पाठवू नका, असेच मी सांगेन. आमच्या शाळेत काही पालक असे येतात की त्यांच्या गावच्या शाळेत एकच शिक्षक चार वर्ग सांभाळतो आणि तोही निवडणूक, सर्वेक्षण, प्रशिक्षण यांत अडकलेला असतो. त्यांच्यापुढे तुमच्यासारखा पर्याय नाही. निर्णय त्या त्या गावच्या शाळेकडे पाहूनच घ्यावा लागतो, नावाकडे पाहून नव्हे.

वर्धाकाठ

सर्वांचे आभार. केंद्रप्रमुख सरांनी सांगितल्याप्रमाणे मुलीला एक अनोळखी मराठी उतारा वाचायला दिला. सावकाश, जोडाक्षरांवर थांबत तिने तो वाचला, आणि पुस्तक मिटल्यावर त्यातली गोष्ट तिने वऱ्हाडीत अशी सांगितली की तिच्या आजीला हसू आवरेना. मधल्या एका पात्राला तिने आमच्या शेजाऱ्याचे नाव दिले. म्हणजे समज आहे, सरावाची कमतरता आहे. शाळेतल्या तिच्या वर्गशिक्षिका पाच वर्षांपासून तिथेच आहेत, हेही विचारून आले.

धाकट्याबद्दल सध्या असे ठरले आहे की त्याला आणखी एक वर्ष अंगणवाडीत ठेवायचे. आमच्या अंगणवाडी सेविका चांगल्या आहेत आणि त्या लहान जिवाला गाडीचा इतका प्रवास नको, यावर घरात प्रथमच सर्वांचे एकमत झाले. पहिलीला कुठे घालायचे ते गावच्या शाळेत पुढल्या वर्षी कोण शिक्षक येतात ते पाहून ठरवू.

शुल्काच्या हप्त्यांचा विषय मी सिस्टरांकडे काढला. जूनमध्ये पुस्तके आणि गणवेशापुरती रक्कम घ्यावी आणि उरलेले हप्ते डिसेंबर ते फेब्रुवारीत असावेत, अशी आम्हा काही पालकांची मागणी आहे. त्यांनी लेखी द्यायला सांगितले आहे. समितीपुढे मांडू म्हणाल्या. अर्ज मराठीत दिला तर चालेल का, असे मी विचारले, तर म्हणाल्या की मराठीतच द्या, मला वाचता येते. तिसरी_अ मॅडम, वेचणीच्या दिवसांत गैरहजर राहणाऱ्या मुलांचाही मुद्दा त्याच अर्जात घालावा काय? आणि घातला तर नेमके काय मागावे?

तिसरी_अ

वेगळा अर्ज द्या, ताई. शुल्काचा विषय समितीचा आहे आणि हजेरीचा मुख्याध्यापिकांचा. एकत्र दिले तर दोन्ही मागे पडतात. हजेरीबाबत दोन गोष्टी मागा. वेचणीच्या ऐन दिवसांत लेखी चाचणी ठेवू नये, आणि जे मूल आठवड्यातले काही दिवस आले नाही, त्याला शनिवारी सकाळी तासभर बसवून राहिलेले वाचन-गणित करून घ्यावे. आमच्याकडे हे दोन वर्षांपासून चालू आहे. शनिवारी येणाऱ्या मुलांना सिस्टर मुरमुऱ्याचा चिवडा देतात, म्हणून जी मुले आठवडाभर हजर होती तीही येऊन बसतात, एवढीच अडचण आहे.